दीड इंची खाका

आमच्या घरच्या कारखान्यात आम्ही कामगारांच्या शर्टांच्या खिशांवर नावं भरून देतो. कुणी गाडी चालवणारा, कुणी दवाखान्यात फरशी पुसणारा, सगळ्यांच्या छातीवर आमचा दोरा. मी शाळा दुसरीत सोडली, अजून अक्षराला अक्षर जोडून वाचते. पण सुई हातात आली की माझ्या कामावर बोट ठेवणारा कुणी जन्मायचाय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या गोष्टीत मिरवण्यासारखं काही नाही.

नातू सव्वा महिन्याचा झाला तरी त्याला नाव नव्हतं. मुलगा आणि सून मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचे, एक नाव काढायचे, चार दिवसांनी सोडून द्यायचे. त्यातली काही तर अशी की हाक पुरी होईपर्यंत पोरगं रस्ता ओलांडून जाईल.

मुलगा म्हणायचा, "आई, घाई काय आहे? तिला वेळ लागतोय."

"नाव ठेवायचंय की घर बांधायचंय?"

सून लंगोटांच्या घड्या घालत गप्प. तिचं गप्प बसणं मला नेहमी उर्मटपणाच वाटत आलं.

शेवटी म्हटलं, हे काम आपणच उरकू. नाव भरण्याआधी आम्ही ते पातळ कागदावर लिहून टाचणीने टोचतो. तो झाला खाका. कापडावर ठेवून खडूची पूड चोळली की ठिपके उमटतात, त्यावरून दोरा चालवायचा. खाके आम्ही फेकत नाही, त्याच नावाचा दुसरा कुणी येतोच. पत्र्याच्या डब्यात शेकड्यांनी पडलेत. मी डबा पुढ्यात ओढला आणि दुपारभर भाजी निवडावी तशी नावं निवडत बसले.

तळाशी एक घडी घातलेला कागद निघाला. तीन अक्षरं. टोचणी सुनेची, तिच्याइतकं बारीक टोचणारं आमच्याकडे दुसरं कुणी नाही. वाटलं, कुणा गिऱ्हाइकासाठी केला असेल. नाव जोडून वाचलं तर ओळखीचं वाटलं, जणू माझ्याच मनात कधीचं होतं. ठरलं म्हटलं.

कापड कापणाऱ्याला सगळे इंचभाऊ म्हणतात. बायकोची उंचीसुद्धा इंचात सांगतो. तो चष्म्यावरून बघून म्हणाला, "वहिनी, हा दीड इंची आहे. आपला खिशाचा दोन इंची असतो."

"मग?"

"मग खिशासाठी केलेला नाही. सूनबाईंना एकदा विचारा."

"माझ्या नातवाचं नाव मी सुनेला विचारून ठेवू? तुम्ही कापड कापा."

त्याने कात्री उचलली, पण लगेच चालवली नाही. ते मला दिसलं होतं. मी काणाडोळा केला.

दोन दिवसांत मऊ पांढऱ्या दुपट्यावर निळ्या दोऱ्याने नाव भरून झालं. एकदा भरलं की मला उसवायला सांगायची कुणाची छाती नाही, हेही मी धरूनच चालले होते. सुट्टीच्या दिवशी सकाळी इंचभाऊला आणि भरतकामाच्या दोन बायकांना मुद्दाम घरी बोलावलं. साक्षीला असावेत म्हणून. सुनेच्या मांडीवर पोरगं होतं. नाव वर येईल असं दुपटं मी त्याच्यावर पांघरलं.

"घ्या," मी म्हणाले. "तुम्हाला महिनाभर जमलं नाही ते दोन दिवसांत केलं."

सुनेने वाचलं. अंगावर निखारा पडल्यासारखं तिने ते दुपटं पोरावरून ओढून काढलं, त्याला छातीशी धरलं आणि आत निघून गेली.

"बघा," मी म्हणाले, "शिकलेल्यांची रीत बघा."

"आई, पुरे," मुलगा म्हणाला. "ते त्याचं नाव आहे. पहिल्याचं."

दोन वर्षांपूर्वी सुनेला मुलगा झाला होता. मेलेला. एवढं मला आठवत होतं. बाकीचं मुलाने सांगितलं, न रागावता, पत्ता सांगावा तसं. आठव्या महिन्यात तिने अंगड्यावर भरायला हा छोटा खाका केला होता. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या तिने मला ते नाव सांगितलं होतं.

"तू म्हणालीस, जो रडलाच नाही त्याला कसलं नाव. घरात पुन्हा काढू नका म्हणालीस. म्हणून याचं नाव ठेवायला घाबरते ती. ठेवलं की हाही जाईल असं वाटतं तिला."

म्हणाले होते मी. तिला सावरण्यासाठी म्हणाले, असं आता सांगता येईल. खरं असं की मला रडारड आवरायची होती, दुसऱ्या दिवशी माल पोचवायचा होता. आणि नाव माझ्या ध्यानातही राहिलं नाही. तिने तो कागद दोन वर्षं माझ्याच डब्याच्या तळाशी जपला, आणि ओळखीचं वाटलं म्हणून मी ते वाजतगाजत घेऊन आले.

दोघी बायका फरशीकडे बघत होत्या. त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. इंचभाऊ उठला, "चला गं" म्हणून त्यांना घेऊन गेला. मी सांगितलं होतं असं तो एका शब्दाने म्हणाला असता, तर मला त्याच्यावर तरी ओरडता आलं असतं.

स्वतःच्या घरात मी कधी दार वाजवलेलं नाही. त्या दिवशी दुपटं हातात घेऊन वाजवलं.

"मी उसवते ते," म्हणाले.

"नको. त्याचंच आहे, राहू दे." सुनेने हात पुढे केला, दुपटं घेतलं आणि कपाटात आपल्या कपड्यांखाली ठेवलं. मग माझ्याकडे पाठ असतानाच विचारलं, "आई, तुमच्या हातात दिलं होतं ना त्याला? मी गुंगीत होते. कसा होता दिसायला?"

बापासारखा होता म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"मी पाहिलं नाही," मी म्हणाले. "तोंड फिरवलं आणि नर्सकडे परत दिला."

ती कपाटातल्या घड्या पुन्हा सारख्या करत राहिली. या वेळी मला तो उर्मटपणा वाटला नाही.

"याचं नाव आम्ही सांगू," ती म्हणाली. "वेळ लागेल."

"लागू दे."

याला आता आठवडा झाला. रस्त्यात, दुकानात, गिऱ्हाइकं, शेजारणी, जो तो विचारतो, नातवाचं नाव काय ठेवलंत. त्याच्या आईला विचारा, मी सांगते, आणि हातातल्या कामावरून नजर वर उचलत नाही.