बारक्याची वाट

“पुढच्या गाडीला पाच तास आहेत,” बायको म्हणाली. “तेवढा वेळ काय फलाटावरचे पंखे मोजणार आहात?”

टेलिफोन खात्यातला लाइनमन बाकावर पाय पसरून बसला. लेकीला नव्या नोकरीच्या गावी पोचवायला तिघं निघाली होती आणि नेमकी याच शहरात गाडी बदलायची होती. इथे त्याचा दादा राहत होता, स्टेशनपासून वीस मिनिटांवर. एकोणीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

आई गेली तेव्हा दादाची बस वाटेत बंद पडली होती. ‘येतोय, थांबा’ असा निरोप त्याने धाडला होता. पण लाइनमन तेव्हा रागाने पेटलेला. आईच्या आजारपणात दादा फिरकला नाही, मग आता कशाला? त्याने कोणाचं न ऐकता आईला अग्नी दिला. दादा पोचला तेव्हा सगळं उरकून माणसं घरी परतली होती. तो दारातूनच, पाणीही न पिता मागे फिरला.

“वहिनींनी बोलावलंय,” बायको खाली बघत म्हणाली. “दादांना बरं नाही.”

“तुला कसं माहीत?”

“आम्ही बोलतो. पहिल्यापासून.”

त्याने पिशव्या गोळा केल्या. मग उठला आणि लेकीला म्हणाला, “सामान कुठे ठेवून घेतात, विचारून ये.”

तिसऱ्या मजल्यावरचं दार वहिनींनी उघडलं. दिराला बघून त्यांचे डोळे भरले, पण आवाज त्यांनी हळू ठेवला. “भावजी, ते माणसं ओळखत नाहीत हल्ली. मनाला लावून घेऊ नका.”

दादा खिडकीशी बसला होता. वाळून काडी झालेला. शर्टाची बटणं पार गळ्यापर्यंत लावलेली. लाइनमन दोन पावलं पुढे गेला. दादाने त्याला नीट न्याहाळलं.

“फोनवाले ना? या. महिनाभर तक्रार करतोय. भाऊ यायचाय माझा. फोन लागला नाही तर त्याला वाटेल, मी अजून रागावलोय.”

बायकोने तोंड फिरवलं. लाइनमन भिंतीपाशी उकिडवा बसला. चौतीस वर्षं त्याने टेलिफोनच्या खांबांवर काढली होती. हे काम त्याने झोपेतही केलं असतं. फोनची डबी उघडली तर आतली तार गंजून तुटलेली. वहिनींनी दिलेल्या चाकूने ती सोलून त्याने स्क्रूखाली बसवली.

रिसीव्हरमध्ये आवाज आला. “झाला चालू,” तो म्हणाला.

“लावा की मग. नंबर तिथेच आहे.”

फोनच्या वर भिंतीवर कागद चिकटवलेला होता. त्यावर ‘बारक्या’ असं लिहून पुढे लाइनमनचा मोबाइल नंबर होता. त्याचे आधीचे दोन नंबर खोडलेले होते.

“वहिनी, तुम्ही लावा. मी बाहेरची तार बघतो,” असं म्हणून तो जिन्यात गेला. खिशात फोन वाजला.

“बारक्या?”

“हो, दादा.”

“आवाज बसलाय तुझा.”

“प्रवासात आहे.”

“माझी बस बंद पडली होती रे. तू थांबलास ना?”

लाइनमनने कठडा घट्ट धरला.

“थांबलो, दादा.”

“मला ठाऊक होतं. ही म्हणते, नाही थांबला. मी म्हटलं, आमचा बारक्या तसा नाही.” दादा हसला. “ये आता. वाट बघतोय.”

“येतो.”

रुमालाने तोंड पुसून तो आत आला. दादाचा चेहरा उजळला होता. “येतोय म्हणाला. तुम्ही पण थांबा, भेट घालून देतो.”

लाइनमन थांबला. तीन तास दादाच्या शेजारी बसून बारक्याच्या गोष्टी ऐकत राहिला. लहानपणी विहिरीत पडला तेव्हा दादाने त्याला कसा वर काढला, ते दादाने दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा लाइनमनने “मग?” असं विचारलं.

शेवटी लेकीने घड्याळाकडे बोट दाखवलं. सकाळी तिला कामावर रुजू व्हायचं होतं.

दादाने खुर्ची ओढत दारात नेली आणि जिन्याकडे तोंड करून बसला. लाइनमन वाकून त्याच्या पाया पडला. वर बघितलं तर दादाची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे लागलेली.

“जरा बाजूला होता का?” दादा म्हणाला. “जिना दिसत नाही.”

लाइनमन बाजूला झाला. मग भिंतीला अंग चोरून, एकेक पायरी, तो खाली उतरू लागला.