भाड्याने देणे आहे, दार उघडता आलं तर

किल्लीमास्तरांनी आयुष्यभर लोकांची दारं उघडून दिली, पण स्वतःच्या दाराला कुलूप असं ठेवलं, की उघडताना पाहुण्यांच्या नाकी नऊ यावेत. आधी दार गुडघ्याने आत रेटायचं, मग मूठ धरून बोटभर वर उचलायचं, किल्ली पाव फेरा उलटी फिरवायची आणि मगच सुलटी. तळमजल्यावरची शिंपीणबाई याला येताजाता ‘दिव्याखाली अंधार’ म्हणायची. मास्तरांचं म्हणणं, कुलूप बिघडलेलं नाही, त्याला ओळख लागते.

आता ओळख करून द्यायची वेळ आली होती. मास्तरांच्या बायकोला आठ तासांवरच्या शहरात, मोठ्या इस्पितळात मेट्रनची जागा मिळाली होती. पंचवीस वर्षं रात्रपाळ्या केल्याचं चीज झालं म्हणून मास्तरांनी अख्ख्या जिन्याला पेढे वाटले, दुकान आवरलं, सामान खोक्यांत भरलं. अडलं ते फक्त घरापाशी. ती म्हणे विकून मोकळे होऊ. हे म्हणत भाड्याने देऊ. तीन आठवडे हा वाद चालला आणि शेवटी ठरलं ते असं, की सोमवारी ट्रकबरोबर तिने पुढे जायचं, आणि यांनी एक गादी आणि एक शेगडी ठेवून मागे राहायचं. चांगला भाडेकरू मिळाला की मग यायचं. या ‘मग’ला तारीख नव्हती, आणि तिला सलत होतं ते तेवढंच.

मास्तरांनी खिडकीत पाटी लावली आणि भाडेकरूंची परीक्षा ठेवली. तीन खेपांत दार उघडेल, त्याला घर. आतापर्यंत सहा जण नापास झाले होते. बँकेतला एक सज्जन तिसऱ्या खेपेनंतर न बोलता जिना उतरून गेला. नवं लग्न झालेलं जोडपं दारातच एकमेकांवर उखडलं. व्यायामशाळेचा मास्तर तर दार बिजागऱ्यांसकट घेऊन जाण्याच्या बेतात होता.

“अहो, भाडेकरू बघताय की घरजावई?” बायको म्हणाली.

सातवी उमेदवार रविवारी अकराला आली. दाताची डॉक्टर, तिशीची, हातात जाडजूड बॅग. कुणा आजोबांची कवळी त्यांच्या घरी जाऊन बसवून ती थेट इकडे आली होती. मास्तरांनी बायकोलाही परीक्षा बघायला बाहेर बोलावलं, ती पर्स खांद्याला लावूनच आली; मग त्यांनी दार ओढून घेतलं आणि किल्ली डॉक्टरच्या हातात दिली. पहिली खेप गेली. दुसरी गेली.

“गुडघा, डॉक्टर, गुडघा,” मास्तर कळवळून म्हणाले. मुलगी त्यांना आवडली होती. “थांबा, एकदा करूनच दाखवतो.”

त्यांनी बाह्या सरसावल्या, गुडघा लावला, दार उचललं आणि जरा ऐटीतच किल्ली फिरवली. कट्. किल्लीचं डोकं मास्तरांच्या हातात आलं आणि धड कुलपात राहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“काही नाही, दोन मिनिटांचं काम,” मास्तर म्हणाले. “माझी पेटी…” हत्यारांची पेटी आत होती. कालच त्यांनी ती चिकटपट्टी लावून, दोरी बांधून, सर्वांत खालच्या खोक्यात ठेवली होती. बायकोने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि जी हसत सुटली ती पायरीवर बसलीच.

शिंपीणबाई चहा घेऊन वर आली. “चौकातल्याला बोलवू का?” तिने विचारलं. चौकातला म्हणजे दुसरा किल्लीवाला. त्याचं आणि मास्तरांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं.

“त्यापेक्षा मी या पायरीवर म्हातारा होईन.”

“तसा वाईट नाही हो तो माणूस,” बायको पटकन बोलली आणि चहात बघू लागली. मास्तरांना जरा नवल वाटलं.

मग काय, चौघं जिन्यावर बसली. चहा झाला, बिस्किटं झाली. शिंपीणबाईने व्यायामशाळेच्या त्या मास्तरची नक्कल केली. किल्लीमास्तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. घर पाठीमागे बंद, खिशात तुटक्या किल्लीचं डोकं, पायांत घरच्या सपाता, आणि इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“तुम्हाला भाडेकरू नकोय,” बायको हळूच म्हणाली. “तुम्हाला परत यायला जागा हवीय.”

मास्तरांनी नाकारलं नाही. “तुझं तिथे नाव होईल गं. मला कोण ओळखणार? इथे कुणाचं दार अडलं की आधी मी आठवतो.”

“आज तुमचंच अडलंय. आणि आठवलं कोण? चौकातला.”

पुन्हा हसू फुटलं. हसता हसता तिने त्यांचा हात धरला. “भीती मलाही वाटते. मला एकटीला नाही राहायचं तिथे. एक दिवससुद्धा नाही.” हे ती पहिल्यांदाच बोलत होती.

डॉक्टर इतका वेळ कुलपाकडेच बघत होती. “काका, मी एकदा बघू?” तिने बॅग उघडली, कपाळावर दिवा बांधला, दात बघायचा इवलासा आरसा आणि बारीक चिमटा काढला आणि दारापुढे गुडघे टेकले. “तुकडा वाकडा आहे, पण सैल आहे,” ती म्हणाली. “घाबरू नका.” हे ती नक्की कुणाला म्हणाली कळलं नाही. मास्तर तिची बोटं बघत राहिले. घाई नाही, जोर नाही. दोन मिनिटांत तुकडा तिच्या तळहातावर होता.

“तीस वर्षांत असा हात पाहिला नाही,” मास्तर म्हणाले. “घर तुमचं. कधी येताय राहायला?”

डॉक्टरने दिवा काढला. “खरं सांगू? मला भाड्याने नकोय. पाटीवर तसं होतं म्हणून आले. सात वर्षांत पाच घरं झाली, काका. आईचा आरसा अजून गोधडीतच आहे. खिळा मारायचा तर मालकाला विचारा, आणि मारला की घर सोडताना बुजवा. विकत असाल तर घेते. कुलूप हेच ठेवीन.”

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. भाड्याने दिलं असतं तर दर खिळ्याला या मुलीने आठ तासांवर फोन केला असता, आणि ते नाही म्हणाले असते. स्वतःला ते चांगलं ओळखून होते.

“हव्या तिथे खिळा मारा,” ते म्हणाले. “विकलं. आणि अगं, उद्या ट्रकमध्ये माझी गादीपण चढव.”

बायकोने शिंपीणबाईला मिठी मारली, मग डॉक्टरला. मास्तरांना मारली नाही, शिंपीणबाई बघत होती म्हणून.

“किल्ल्या किती आहेत?” डॉक्टरने विचारलं.

“दोन,” बायको म्हणाली. “एक तुटली. ही माझी.”

मास्तर खाकरले. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून एक कोरी करकरीत किल्ली काढून डॉक्टरच्या हातावर ठेवली. “ही माझ्यासाठी केली होती. गुपचूप. कुणाला देणार नव्हतो.”

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांना वाटलं, आता काही खरं नाही. तिने पर्सची आतली चेन उघडली, औषधाच्या रिकाम्या डबीतून कापसात गुंडाळलेली एक किल्ली काढली आणि त्यांच्या किल्लीशेजारी ठेवली.

तीन आठवडे घर विका म्हणून धोशा लावणारी बाई ती हीच. चोरावर मोर. मास्तरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी ती किल्ली उचलून उजेडात धरली, दात्यांवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

“ही माझ्या हातची नाही.”

“तुमच्याकडे कशी मागणार होते?” बायको म्हणाली.

“चौकातल्याकडून केलीस?”

“म्हटलं ना, तसा वाईट नाही तो.”

मास्तरांनी चौकातल्याची ती किल्ली कुलपात घातली. ना गुडघा लावला, ना दार उचललं. किल्ली सरळ फिरली आणि दार उघडलं.