आत्म्याचा वेग

धुलाईखान्याच्या बॉयलर-खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर. त्यावर मिनिटाला एक ओळ उमटे: चौकोन, प्रश्नचिन्हं, वेडीवाकडी अक्षरं.

"तुझा धनी बोलतोय," बुवा वहिनीला म्हणाले. "काल तासाला यायचा, आज मिनिटाला. जवळ आलाय."

वहिनीने पडद्याला हात जोडले. बॉयलर सांभाळणारा तिचा नवरा महिन्यापूर्वी तापाने गेला. काम धाकट्या दिराकडे आलं. बुवांनी पंधरा दिवसांत या अक्षरांचे पंधरा अर्थ काढले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कायम एवढंच, की आग विझवायची नाही आणि दाबाच्या काट्यावरचं काळं फडकं सोडायचं नाही. नजर लागते म्हणे. बॉयलर आज जरा जास्तच गुरगुरत होता.

"ही अक्षरं कधीपासून?" वहिनीच्या थोरल्या बहिणीने विचारलं. ती तंत्रशाळेत मास्तरीण.

"संगणकाचं मेमरी कार्ड बिघडलं, म्हणून दादाच्या खणातलं जुनं घातलं," दीर म्हणाला. "त्या दिवसापासून."

"वेग तपासलास?"

"कसला वेग?"

मास्तरणीने पडद्यामागच्या, बॉयलरला जोडलेल्या तळहाताएवढ्या संगणकाकडे बोट केलं. "हा तारेवरून बोलतो, पडदा ऐकतो. दोघांचा वेग एकच लागतो. पडदा सेकंदाला नऊ हजार सहाशे ठोके ऐकतो, पाठीवर लिहिलंय. जुन्या कार्डात आकडा बहुधा एक लाख पंधरा हजार दोनशे असणार. मग कचराच दिसणार."

"बाई, आत्म्याला वेग नसतो," बुवा हसले.

"मग मी आकडा बदलला तर त्याचं काय बिघडतंय?"

तिने कळफलक जोडला, आकडा बदलला, संगणक पुन्हा सुरू केला. पडद्यावर स्वच्छ ओळ आली:

दाब हद्दीबाहेर. झडप अडकली. भाऊ, आग बंद कर.

वहिनीने फडकं ओढलं. काटा तांबड्या पट्ट्याच्या टोकाला टेकला होता. दिराने झेप घेऊन आग बंद केली. "बाहेर व्हा सगळे," मास्तरीण म्हणाली. दारात सर्वांत आधी बुवा पोचले. ते थेट फाटकाबाहेरच दिसले.

सगळे अंगणात थांबले. हळूहळू गुरगुर ओसरली.

"ताई, म्हणजे ते बोललेच की," वहिनी पुटपुटली.

"बोलले. पण मेल्यावर नाही गं. हातीपायी धड असताना, डोकं चालवून त्या कार्डात लिहून ठेवलं त्यांनी. दाब जितका चढेल तितक्या लवकर ओळ यावी, हेही त्यांनीच ठरवलेलं. आपण वाचायचं सोडून हात जोडले." मास्तरणीने ते काळं फडकं घडी करून दिराच्या हातात दिलं. "कळत नाही ते तपासावं. आणि काटा झाकायला सांगणारा भेटला, तर आधी काटा बघावा."