पाणी गोड आहे

बायको गेल्यापासून टीपकागदाच्या तोंडाची चव गेली होती. हे नाव त्याला वाचनालयात नोकरीला असताना पडलं. समोरचा काय वाट्टेल ते बोलो, हा सगळं शोषून घ्यायचा आणि स्वतः चकार शब्द काढायचा नाही. निवृत्त झाला तरी नाव चिकटून राहिलं. जेवायचं म्हणून तो जेवत असे. भाजीत मीठ घालायचं राहून गेलं, तरी त्याला पत्ता लागत नसे. याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं.

नगरपालिकेचं पाहणीचं काम त्याने घेतलं ते मुलीच्या गल्लीसाठी. शुद्ध पाण्याची नवी लाइन यंदा एकाच वस्तीला मिळायची होती. ज्या वस्तीतले लोक आपलं पाणी वाईट म्हणतील, तिचा नंबर आधी. मुलीला दिवस गेले होते आणि तिची सबंध गल्ली एकाच बोअरचं पाणी पीत होती.

छापील प्रश्न होता, ‘उपलब्ध जलाच्या गुणवत्तेविषयी आपण समाधानी आहात काय?’ हे ऐकून लोक आ वासतील, म्हणून त्याने भीत भीत नगरपालिकेतल्या साहेबीणबाईंना सुचवलं, “त्यापेक्षा ‘तुमचं पाणी गोड आहे का?’ असं विचारलं तर?” गोड पाणी म्हणजे पिण्याजोगं, खारं किंवा मचूळ नसलेलं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाईंनी शब्द उचलून धरला. टीपकागदाचा शब्द कुणी उचलून धरण्याची ही पहिलीच वेळ.

“गोड? एकदम गोड,” गल्लीच्या तोंडाशी बसणारा शिंपी मशीनवरची मान वर न करता म्हणाला. “आमचा चहा प्यायलेला पाहुणा उठायचं नाव घेत नाही.”

टीपकागदाने ‘चांगलं’च्या चौकटीत खूण केली.

“सांडपाणी, तेल वगैरे कुठे ओततात?”

“मागचा गॅरेजवाला ओततो की. यंत्राचे भाग कसल्याशा औषधाने धुतो, ते धुवण खड्ड्यात. पण त्रास काही नाही हं. तुंबत नाही, काही नाही. सगळं जिरून जातं.”

‘जिरून जातं,’ टीपकागदाने लिहून घेतलं.

घरोघरी हेच. घरोघरी पुढे पाण्याचा पेला आला आणि घरोघरी तो निमूटपणे प्यायला. हवा गिळावी तसं पाणी घशाखाली जात होतं.

शेवटचं घर मुलीचं. विहीणबाई खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या.

“लिहा व्याही, पाणी गोड. डॉक्टरांनी माझी साखर बंद केली, पण माझं काही अडलं नाही बघा. बिनसाखरेचा चहा घेते, तरी घशाशी गोडच लागतो.”

“म्हणजे... खरोखरचं गोड?”

“मग काय खोटं खोटं? आत्ता तांब्याभर रिचवलंत की हो!”

“पूर्वी नव्हतं बाबा,” ओट्याशी उभी असलेली मुलगी म्हणाली. “गॅरेज आल्यापासून लागतंय. मला आताशा जास्तच लागतं. पण दिवसांत तोंड असंच होतं म्हणतात.”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचा खड्डा दिसत होता. त्याच्यावर तेलकट इंद्रधनुषी साय होती. त्याला लागूनच, एखाद्या ढांगेवर, बोअरचा पंप. पायाखालची जमीन सरकायला हवी होती. सरकली नाही. टीपकागदाने चष्मा पुसला, परत घातला आणि साहेबीणबाईंना फोन लावला.

“काका, गोड म्हणजे चांगलं, हे तुम्हीच म्हणालात ना?”

“मीच म्हणालो. चुकलो.”

“अख्खी गल्ली ‘चांगलं’मध्ये गेलीय. संध्याकाळी आकडे पुढे पाठवते.”

“पाणी तरी तपासून घ्या.”

“त्याला रहिवाशांची तक्रार लागते, सहीनिशी. तुमची नाही चालत. तुम्ही नुसते विचारणारे.”

तक्रारीचा कागद लिहून तो सहीसाठी पुन्हा शिंप्याकडे गेला. शिंप्याने या वेळी मान वर केली.

“सकाळी गोड म्हटलं, आता वाईट म्हणू? पिढ्यान्‌पिढ्या जगवलं ज्या पाण्याने, त्याला नावं ठेवायची? आणि काका, गॅरेजवाला माझा साडू आहे. बायको घरात घ्यायची नाही मला.”

बाकीच्यांनी तर दार अर्धंच उघडलं. कुणी हसलं, कुणी ‘उन्हाचं फिरू नका’ म्हणालं.

मुलीकडे परत येऊन टीपकागदाने पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलला आणि मोरीत पालथा केला.

“अहो, हे काय आरंभलंत?” विहीणबाई ओरडल्या.

“हे पाणी हिने प्यायचं नाही. मी घरून आणून देईन.”

“रोज?”

“रोज.”

“आणि गल्ली?” मुलगी म्हणाली. “बाबा, मला इथे राहायचंय. सही केली तर उद्यापासून शिंपीमामा बोलायचेसुद्धा नाहीत माझ्याशी.”

“नाही बोलणार,” तो म्हणाला. याहून बरं काहीतरी बापाने बोलायला हवं, हे त्याला कळत होतं. त्याने कळशी घेतली, तीही ओतली. मग पेले, एकेक करून.

मुलगी बघत राहिली. तिचा हात नकळत पोटावर गेला होता. मग तिने पदराने ओटा पुसून कोरडा केला.

“द्या तो कागद.”

“थांब गं,” विहीणबाई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. “आधी मी. तू सून, तुला लोक टोचून खातील. मला बोलून तर बघा म्हणावं!” त्यांनी ठसठशीत अक्षरात सही केली आणि खाली सुनेसाठी जागा सोडली. “आणि व्याही, पुढच्या खेपेला प्रश्न मला विचारून काढा.”

टीपकागदाने मान डोलावली. दोन सह्यांचा कागद घेऊन तो शेजारच्या दाराशी गेला आणि त्याने कडी वाजवली.

“आता काय राहिलं?” आतून आवाज आला.