थोरली की धाकटी

जुने ऑटोमॅटिक गियरबॉक्स दुरुस्त करायचे, तर आधी समोरची पेटी कोणत्या जातीची आहे ते ओळखावं लागतं. बाहेरून सगळ्या सारख्याच, काळ्या, तेलकट आणि अडेलतट्टू. चुकीच्या जातीचा भाग घातला तरी त्या निमूटपणे घालून घेतात, आणि मग रस्त्यात मधोमध सूड उगवतात.

पक्कडला हे बाबांनी शिकवलं. पक्कड हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी हाताला लागलेली वस्तू ती सोडत नसे, म्हणून बाबांनीच ते ठेवलं होतं. त्यांच्या शिकवणीत बोलणं फारसं नसे. ते मागे उभे राहत आणि बोटातल्या अंगठीने पेटीवर एकदा टकटक करत. म्हणजे, बोल, कोणती? उत्तर बरोबर आलं तर दोनदा. चुकलं तर पुन्हा एकदाच, म्हणजे परत सांग.

सगळ्यात घोळ घालत त्या थोरली आणि धाकटी. एकाच कारखान्याच्या, पुढच्यामागच्या सालातल्या. ही नावंही बाबांचीच. दोघींचं तेलाचं तबक सारखं, बोल्ट सारखे. फरक होता पोटात. गाडी पार्कमध्ये टाकली की आतली एक लोखंडी दाढ पेटीतल्याच एका चाकाच्या खाचेत जाऊन बसते आणि गाडी धरून ठेवते. थोरलीची खाच रुंद आणि दाढ जाड, धाकटीची दोन्ही बारीक. बाहेरची खूण एकच. थोरलीच्या पाठीवर, अगदी मागे, अर्ध्या लिंबाएवढा उंचवटा. पेटी गाडीत असताना तिथे नजर पोचत नाही, फक्त हात पोचतो.

ही खूण बाबांनी लेकीला सांगितली, सख्ख्या भावाला नाही. "त्याच्या पोटात काही राहत नाही," म्हणायचे. "उद्या सगळ्या बाजाराला कळेल." काका वेल्डिंग करायचा, घासकाम करायचा, अवजड पेट्या उचलायचा आणि थोरली कशी ओळखायची हे दर महिन्याला विचारायचा. बाबा मिशीत हसायचे.

मग एका सकाळी बाबांनी दुरुस्त झालेली गाडी दारातल्या उतारावर उभी केली, उतरले आणि पुढे जाऊन दिवे बघायला वाकले. गाडी त्यांना समोरच्या भिंतीपर्यंत घेऊन गेली.

पार्कमध्ये टाकायला विसरले, असं सगळे म्हणाले. बाबा विसरभोळेच होते. कपाळावरचा चष्मा घरभर शोधत, एकदा तर आईला दुकानात विसरून एकटेच घरी आले होते. आईने हे ऐकलं आणि रडायच्या ऐवजी चिडली. "एक दांडी ओढायला काय धाड भरली होती?" ती अजून म्हणते, कधी कधी जेवताना मध्येच. पक्कड हातातला घास ताटात ठेवते. बाबा बायकोला विसरतील, पण पार्कला नाही, एवढं तिला ठाऊक होतं. सिद्ध कशावरून करणार?

त्या गाडीची पेटी परत आली भंगारातून. पक्कडने जुन्या पेट्यांचा एक ढीग विकत घेतला होता. उतरवताना एका पेटीच्या कडेवरचा वेल्डिंगचा टाका दिसला आणि काकाने हात मागे घेतला. टाका त्याचाच होता.

"ही दादाची शेवटची," तो म्हणाला, आणि दिवसभर तिच्याजवळ फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका जेवायला गेला होता. पक्कड एकटीच होती. पेटीवर टकटक झाली. एकदाच. अंगठीची.

तिने वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं, पण हात सवयीने पेटीच्या पाठीवर गेला. सपाट.

"धाकटी," ती म्हणाली.

पुन्हा एकदाच टकटक.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. शेवटी तिने फडकं घेतलं आणि पाठीवरची काजळी खसाखसा पुसली. खाली घासणीच्या रेघा होत्या. उंचवटा नव्हता असं नाही, तो कुणीतरी काढला होता. तिने मागचं झाकण उघडलं. चाकाची खाच रुंद होती. दाढ बारीक. तिने दाढ खाचेत बसवली, खट्‌ असा छान आवाज झाला. मग चाकाला हाताने जोर दिला आणि दाढ हळूच निसटली.

"थोरली आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही पार्कमध्ये टाकली होती."

टक, टक.

पक्कड पेटीला धरून रडली. कितीतरी वर्षांनी तिला हलकं वाटलं. आत्ताच्या आत्ता घरी जाऊन आईला सांगायचं म्हणून ती उठली, तर दारात काका चहाचे दोन ग्लास घेऊन उभा होता. त्याची नजर पुसलेल्या जागेवर गेली.

"हे मीच घासलं होतं," तो सहज म्हणाला. "पेटी बसवताना वर गाडीच्या तळाला लागत होती. दादाने गाडीखाली झोपून दाढ बदलली त्याच्या आदल्या दिवशी."

"बाबांना सांगितलं होतंस?"

"एवढ्याशा लोखंडाचं काय सांगायचं?" त्याने ग्लास खाली ठेवला. "का गं? काही सापडलं का?"

पक्कडने त्याच्याकडे पाहिलं. बाबांच्या मागे यानेच वर्कशॉप चालू ठेवलं, घर चालवलं, आणि बाबांच्या स्टुलावर एकदाही बसला नाही. खूण सांगितली की ती आपणच पुसली, हे त्याला कळणार होतं. आईलाही कळणार होतं.

"दाढ चुकीची बसवलीय," ती म्हणाली. "बाबांच्या हातून चूक झाली, काका. ओळखायला चुकले."

"दादा? ओळखायला?" काकाचा चेहरा पडला. मग तो हळूच म्हणाला, "असेल. वय झालं होतं त्याचं."

पेटीवर टकटक झाली. एकदाच.

"काय वाजलं गं?"

"पत्रा तापलाय वरचा. चहा घे."

ती पेटी तिने विकली नाही, मोडली नाही. अजून कोपऱ्यातच आहे. काका अधूनमधून विचारतो, आता तरी सांग, थोरली कशी ओळखतात? पक्कड मिशी नसतानाही बाबांसारखं हसते आणि काम पुढे ओढते. दुपारी काका जेवायला गेला की कोपऱ्यात एकदा टकटक होते, परत सांग. ती मान वर करत नाही. थोड्या वेळाने पुन्हा होते.