पाच ठिपके

पुण्याच्या एका संस्थेनं उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी भौतिकशास्त्राच्या काही मुलांना काम दिलं, त्यात मेहकची निवड झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी, पाशाभाईंनी, दौंडच्या अख्ख्या रेल्वे कॉलनीत पेढे वाटले. साल दोन हजार सात. मेहक एस. वाय.ला होती. शाळेत ती माझ्या हाताखाली शिकलेली.

संस्थेच्या वसतिगृहात जागा नव्हती. म्हणून तिथल्या मॅडमनी सीडी पाठवली आणि कळवलं, घरूनच कर, दर शनिवारी ईमेल टाक. सीडीत एका ताऱ्याच्या तेजाच्या नोंदी होत्या, शंभर रात्रींच्या. काम पसंत पडलं तर मॅडम शिफारस करणार होत्या, आणि त्या शिफारशीवर तिला एम. एस्सी.ला संस्थेतच जागा मिळणार होती, राहण्याच्या सोयीसकट. त्याशिवाय पुण्यात शिकणं पाशाभाईंच्या पगारात बसणारं नव्हतं.

घरी कॉम्प्युटर नव्हता. महेंद्रच्या सायबर कॅफेत बसून ती आकडे वहीत उतरवून घ्यायची. दुपारी वीज गेली की महेंद्र विचारायचा, "मेहक, तुझ्या ताऱ्याला बी लोडशेडिंग हाय का गं?"

"त्याला बिल येत न्हाई, भैया," ती म्हणायची.

सकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन आलेख काढायची. तीन आलेखपत्रं एकापुढं एक चिकटवलेली. ढगाळ रात्रींच्या जागा रिकाम्या होत्या. बाकीचे ठिपके जवळजवळ एका रेषेत होते. पाच मात्र बरेच खाली घसरलेले.

"सर, यांचं काय करू?"

प्रॅक्टिकलच्या तासाला एकतीस वर्षं जे सांगत आलो तेच मी सांगितलं. "दुर्बिणीवाल्याचा हात हलला असंल. रेषेत बसत न्हाई ते वाचन सोडून द्यायचं. रेघ कशी सरळ आली पाहिजे."

परीक्षेत अशाच जर्नलला पैकीच्या पैकी मार्क पडत. तिनं खोडरबरनं पाच ठिपके पुसले, वहीतले ते आकडेही खोडले, आणि शनिवारी काम पाठवून दिलं.

उत्तर मंगळवारी आलं. महेंद्रनं छापून दिलेला कागद घेऊन ती ओट्यावर आली आणि मला वाचायला दिला. मॅडमनी रागानं काही लिहिलं नव्हतं. तो तारा एकटा नाही, एक अंधूक जोडीदार दर अठरा रात्रींनी त्याच्यापुढून जातो आणि तेज घटतं, तेच तुला शोधायचं होतं. शोधता आलं नसतं तरी चाललं असतं. पण न सांगता नोंदी गाळल्या, म्हणून शिफारस करता येणार नाही.

मी आलेखावर पुसलेल्या ठिपक्यांच्या खुणांवर बोट ठेवून मधल्या रात्री मोजल्या. बरोबर अठरा.

"मी मॅडमना लिहितो. सांगतो, मीच गाळायला लावल्या."

"नको सर. काम माझ्या नावावर होतं."

तरी मी लिहिलंच. महेंद्रनं टाइप करून दिलं. आठवड्यानं उत्तर आलं: आपला प्रामाणिकपणा आवडला, पण शिफारशींची यादी वर गेली आहे.

त्यानंतरच्या रविवारी पाशाभाई ड्युटीवरून परस्पर माझ्याकडं आले. हातात टिफिन तसाच.

"सर, पोरगी चार दिस झाले जेवत न्हाई. इचारलं तर म्हंती, माझी चूक झाली. तुम्ही समजवा तिला. तुमच्याबिगर ती कुणाचं ऐकत न्हाई."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं सांगितलं. ठिपके कुणी पुसायला लावले, तेही.

ते बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले.

"तिला ठावं हाय हे? चूक तुमची हाय म्हून?"

"हाय."

"मंग घरात तिनं तुमचं नाव का घेतलं न्हाई?"

पाशाभाई उठले, टिफिन उचलला आणि नेहमीसारखं वाकून "येतो सर" म्हणून गेले.