पुसलेली ओळ

"बाई, एवढी ओळ उडवा बघू," बांधकाम खात्यातले साहेब टायपिस्टबाईंच्या खुर्चीमागून वाकून म्हणाले. "नाव-गाव टाकायचं नाही. कुणाला कळणार आहे?"

समोर इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाचं पान होतं, गेल्या वर्षी कोसळलेल्या पुलाचं. 'पूल पडण्याआधी बांधकाम खात्याला दोनदा इशारा मिळाला होता,' अशी ती ओळ. खोटं त्यात काहीच नव्हतं. त्या पुलाबरोबर त्यांच्याच ऑफिसातला शिपाई गेला होता. रोज सकाळी "बाई, आज सूर्य लवकर उगवला वाटतं!" म्हणून चिडवायचा.

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांच्या लेकीनेच एक प्रोग्राम लिहिला होता. सरकारी संगणकावरून ज्ञानकोशात कुणी निनावी फेरफार केला, की तो आपोआप टिपायचा आणि कुठल्या खात्याने काय पुसलं ते जगजाहीर करायचा. पण साहेबांनी खरंच विचारलं कुठे होतं?

बाईंनी निमूटपणे ओळ उडवली.

जेवणाच्या सुट्टीत लेकीचा फोन आलाच. "आई, तुमच्या खात्यातून पुलाची ओळ पुसलीय! पत्रकार नुसते तुटून पडलेत. कोण गं हा महाभाग?"

"मीच."

लेक गडबडली. मग घाईघाईने, "थांब, मी ती नोंद काढून टाकते."

"हात लावून तर बघ! उद्या साहेबांची पोरगी म्हणेल, माझ्या बाबांचंही काढ."

"अगं, पण तुझी नोकरी?"

"हुकूम त्यांचा, हात माझे. विचारलं तर तसंच सांगेन."

संध्याकाळपर्यंत कुणीतरी ती ओळ परत जागेवर आणली. आता ती गावभर वाचली जात होती. शिपायाच्या बायकोचा फोन आला. "बाई, आमच्या ह्यांची कुणाला तरी आठवण आहे म्हणायची."

चौकशी झाली. साहेबांच्या देखत बाईंनी जे घडलं ते सांगितलं, आवाजही न चढवता. साहेबांची बदली झाली. बाईंचंही टेबल 'सोयीसाठी' मागच्या अडगळीच्या खोलीत गेलं.

बाईंनी खोली झाडली, टेबल खिडकीशी ओढलं. इथे कुणाची बेल ऐकू येत नव्हती. त्यांनी चपला काढल्या, पाय लांब केले, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच चहा गरम असताना संपवला.